‘बॉनी अँड क्लाइड’कडून काय घ्यावे

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पटकथेचा मसुदा लक्षपूर्वक वाचला. दरोडेखोर प्रेमी जोडप्यावरच्या, आर्थर पेन यांच्या १९६७ सालच्या ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटाचा ठसा त्यावर जागोजागी दिसतो, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र तू त्या चित्रपटाचा शेवट उचलला आहेस. मला वाटते, उचलायचा तो त्यातला मधला एक दरोडा.

तो प्रसंग पुन्हा पाहा. बँकेबाहेर त्या जोडप्याचा साथीदार सी. डब्ल्यू. मॉस दोन गाड्यांमधल्या अरुंद जागेत आपली गाडी लावून बसतो, बॉनी आणि क्लाइड पैसे घेऊन धावत येतात तेव्हा त्याला ती बाहेर काढता येत नाही, आणि आपण मनापासून हसत असतो. तेवढ्यात बँकेतला एक वयस्क माणूस गाडीच्या पायरीवर चढतो आणि क्लाइड त्याच्या चेहऱ्यावर गोळी झाडतो. गोळी झाडणारा आणि ती लागणारा एकाच चौकटीत दाखवायचे नाहीत, हा हॉलिवूडचा जुना दंडक पेन यांनी येथे जाणूनबुजून मोडला. आपले हसू ओठांवर असतानाच माणूस मरतो, त्यामुळे त्या खुनात आपलाही वाटा असल्यासारखे वाटते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांना विनोद आणि क्रौर्याची हीच सरमिसळ असह्य झाली; समीक्षिका पॉलिन केल यांनी मात्र चित्रपटाची बाजू हिरिरीने मांडली.

बॉनी आणि क्लाइड जिच्यात मारले जातात ती शेवटची चकमक अर्थातच थोर आहे. अनेक कॅमेऱ्यांनी वेगवेगळ्या गतींनी टिपलेले ते मरण डीडी ॲलन यांनी विलक्षण संकलित केले, आणि पुढे कित्येकांनी तेवढेच घेतले. पण गोळ्या सुटण्याआधी ती दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहतात, ती नजर नसती तर उरला असता केवळ रक्तपात. (आपल्याकडच्या ‘बंटी और बबली’ने, २००५ साली, ठकांची जोडी घेतली आणि मरण वगळले, तो निराळा, आणि प्रामाणिक, मार्ग होता.)

प्रेमाविषयीही एक सांगतो. सारे नव्याने सुरू करता आले तर काय करशील, असे बॉनी विचारते. त्यावर, राहायचे एका राज्यात आणि दरोडे दुसऱ्या राज्यात घालायचे, असे क्लाइड अगदी विचारपूर्वक सांगतो. ते ऐकताना बॉनी झालेल्या फे डनवे यांच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यात त्या नात्याचे सगळे भवितव्य आहे. तुझे प्रेमी मात्र प्रत्येक प्रसंगात एकमेकांना पूर्ण समजून घेतात, म्हणून त्यांच्याविषयी काळजी वाटत नाही.

तेव्हा शेवटाला तूर्त हात लावू नकोस. तुझ्या पटकथेतल्या दुसऱ्या दरोड्यातल्या पहारेकऱ्याला आधी एक नाव दे, एखादे साधे वाक्य बोलू दे, आणि तो मेल्यावर त्या रात्री नायिका नायकाशी काय बोलते, किंवा काय बोलायचे टाळते, तो प्रसंग लिहून मला पाठव.

तुझा हितचिंतक