खेळाचा तास घ्यायची भीती वाटते? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: मॅडम, मी शिक्षक प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत टीम पाडताना मी कायम शेवटी उरायचे. आता मुलांना खेळ कसा शिकवू?

अगं, तुला खेळाडू कुठे व्हायचंय, तुला बघायला शिकायचंय. मूल चेंडू फेकतंय ना, तर हाताकडे नको, पायाकडे बघ. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे यायला हवा, पण लहान मुलं बरेचदा उजवाच पुढे टाकतात नाहीतर दोन्ही पाय रोवून नुसता हात हलवतात, चेंडू जवळच पडतो आणि आपण ओरडतो "जोर लाव!" जोराचा प्रश्नच नसतो तो. खडूने पावलाची खूण काढ आणि "इथे पाय टाकून फेक" एवढंच सांग. आणि शेवटी उरल्यावर कसं वाटतं ते तुला माहितीये, त्यामुळे कॅप्टनला सगळ्यांसमोर टीम निवडायला लावू नकोस, आधीच पाडून ठेव.

प्रश्न: ४० मुलं आणि ४ चेंडू. तास घ्यायचा कसा?

रांग लावू नका, प्लीज! १० जणांच्या रांगेत एका मुलाच्या हातात चेंडू किती वेळा येतो ते घड्याळ लावून मोजा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते आणि आपली मुलं तासभर उभीच. त्यापेक्षा चार कोपऱ्यांत चार कामं द्या, एकीकडे फेकाफेकी, एकीकडे लंगडी, एकीकडे आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळत चालणं, एकीकडे दोरीवरच्या उड्या, आणि पाच-सहा मिनिटांनी गट फिरवा. चेंडू कमी पडले तर जुन्या मोज्यांचे करा, लागत नाहीत त्यामुळे घाबरणारं मूलही झेलायला हात पुढे करतं. बाद व्हायचे खेळ मात्र कमी ठेवा, ज्याला सरावाची गरज तोच आधी बाहेर बसतो.

प्रश्न: कॉलेजात सराव पाठ आम्ही एकमेकांवरच घेतो, पुरतं का?

नाही पुरत. मोठी माणसं शिट्टी वाजली की थांबतात, सहा वर्षांची पोरं थांबत नाहीत. सहाच मुलं आणि दहाच मिनिटं मिळाली तरी चालतील, पण खरी मुलं मागून घ्या.

प्रश्न: वर्गातला एक मुलगा व्हीलचेअरवर असतो. त्याला स्कोअर लिहायला बसवतो, ठीक ना?

नाही, त्यालाही खेळायचंय. जागा, काम, साहित्य, सोबती यातलं एखादं बदला, जसं हलका चेंडू किंवा जवळचं लक्ष्य. काय बदलायचं ते आधी त्यालाच विचारा, तो बरोबर सांगेल.