जुन्या ट्रॅक्टरला नवं काय लावावं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, घरचा जुना ट्रॅक्टर अजून चालवताय का आणि त्याला वरून काय काय लावलंय. पत्रं खूप आली, त्यातली चार इथे घेतोय.

प्रश्न : वडिलांनी १९७७ ला घेतलेला बी-२७५ आहे, अजून रोज रानात जातो. सीझनला रात्री ऊस भरायला जावं लागतं आणि लाईट एकदम पिवळी पडते. मेकॅनिक म्हणतो बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून फेका, त्याच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवू, मग चार एलईडी आणि टेप पण चालेल. करू का? (एक वाचक, ता. वाळवा)

करा, पण फेकू काही नका. डायनामो काढलाच तर ग्रीस लावून गोणीत गुंडाळून ठेवा, उद्या कुणाला ट्रॅक्टर मूळ रूपात आणायचा झाला तर तोच शोधत फिरावं लागतं.

आधी हिशोब बघू. जुन्या लुकास डायनामोंमध्ये ११ अँपिअरचा आणि २२ अँपिअरचा असे दोन नेहमी दिसतात, तुमचा कुठला ते त्याच्या प्लेटवर वाचा. ५५ वॅटचे दोन साधे बल्ब लावले की ९ अँपिअर तिथंच गेले, आणि डायनामो स्लो रेसला जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून ट्रॉली भरताना इंजिन हळू चालू असलं की लाईट पिवळी पडते. आता १८ वॅटचे चार एलईडी घेतले तर सगळे मिळून ६ अँपिअर. म्हणजे डायनामो धड असेल, ब्रश घासलेले नसतील, पट्टा ढिला नसेल तर नुसत्या एलईडीवर काम भागू शकतं. आधी तेवढं करून बघा, पैसे वाचतील. वायर मात्र जुन्या स्विचवरून नेऊ नका, बॅटरीवरून फ्यूज आणि रिले (जास्त करंट स्वतःवर घेणारा स्विच) टाकून वेगळी ओढा.

अल्टरनेटर बसवायचाच असेल तर त्याआधी बॅटरीची कुठली तार चॅसीला गेलीय ते स्वतः वाकून बघा. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या ट्रॅक्टरांना बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे प्लसची तार बॉडीला. आजचा अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचा. माझ्याच ट्रॅक्टरवर एका वायरमनने न बघता अल्टरनेटर जोडला आणि बॅटरीची तार लावल्या क्षणी डायोड जळाले, तो करपट वास अजून आठवतो. बॅटरी फिरवून निगेटिव्ह अर्थ करता येते, सेल्फ त्याने उलटा फिरत नाही, फक्त अँपिअर मीटरच्या दोन वायरी अदलाबदल करा नाहीतर काटा उलटं दाखवेल.

टेप लावा हो, रात्रीचं एकट्याने काम करताना सोबत होते. पण चार एलईडी घ्यायच्या आधी ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि टेल लाईट लावा. पुढचा उजेड तुम्हाला दिसण्यासाठी असतो, मागचा दुसऱ्याला तुम्ही दिसावं म्हणून. अंधारात रस्त्याकडेला उभी असलेली उसाची ट्रॉली मोटरसायकलवाल्याला दिसतच नाही, दरवर्षी माणसं जातात हो त्यात. आणि मडगार्डवर मागे तोंड करून लावलेला पांढरा फोकस रस्त्यावर बंद ठेवा, मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

प्रश्न : आमच्या चिकूच्या वाडीत आजोबांच्या वेळचा करडा फर्ग्युसन आहे, टीई-२०. गवत कापायला स्लॅशर घेतला तर त्याचा शाफ्ट पीटीओला (ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणाऱ्या दांड्याला) बसेना, मोठा आहे. लेथवाला म्हणतो पीटीओ शाफ्टच बदलू. शिवाय एका ओळखीच्यांनी सांगितलं की क्लच दाबला तरी ट्रॅक्टर थांबत नाही, हे खरं का? (एक वाचक, डहाणू)

तुमच्याकडे आहे ती खरंच जपायची वस्तू आहे. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत हे मॉडेल इंग्लंडात कोव्हेंट्रीला पाच लाखांवर बनलं, आणि आज जगातल्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागे जी तीन पॉइंटची लिंकेज, म्हणजे अवजार जोडायच्या तीन दांड्या, दिसते ती हॅरी फर्ग्युसन यांच्याच पद्धतीवरची. त्यामुळे त्याला कापाकापी शक्यतो नकोच.

टीई-२० चा पीटीओ शाफ्ट सव्वा इंचापेक्षाही बारीक, १ १/८ इंच, आणि आजची अवजारं १ ३/८ इंचाची, दोन्हीकडे दाते सहाच. मधे बसणारी अ‍ॅडॅप्टर स्लीव्ह मिळते, शाफ्ट बदलायची गरज नाही.

आणि ते ओळखीचे खरं बोलले. या ट्रॅक्टरचा पीटीओ गिअरबॉक्समधून चालतो. तुम्ही क्लच दाबता तेव्हा इंजिन सुटतं, पण स्लॅशरची जड पाती जोरात फिरतच असतात, त्यांचा जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्सला आणि तिथून मागच्या चाकांना मिळतो आणि ट्रॅक्टर क्लच दाबलेला असताना पुढे ढकलला जातो. झाडाच्या ओळीशी वळताना, कुंपणाजवळ, पुढे कुणी उभं असताना हे झालं तर विचार करा. यावर इलाज म्हणजे फ्री-व्हील कपलर, सायकलच्या मागच्या चाकासारखाच, इंजिन पात्यांना फिरवू शकतं पण पाती इंजिनाकडे जोर देऊ शकत नाहीत. स्लीव्ह आणि फ्री-व्हील एकातच असलेला पीसपण येतो, तोच घ्या. या ट्रॅक्टरवर स्लॅशर चालवायचा तर मी याला ऐच्छिक म्हणणारच नाही.

एक बारीक गोष्ट राहते. कपलरमुळे लांबी वाढते, तेव्हा स्लॅशरचा कार्डन शाफ्ट (पीटीओला अवजाराशी जोडणारा, आत-बाहेर सरकणारा दांडा) तेवढा कापावा लागतो. न कापता बसवला तर अवजार वर उचलताना शाफ्ट आतल्या आत टेकतो आणि बेअरिंग फोडतो. लिफ्ट हाताने हळूहळू वर-खाली करून सगळ्यात आखूड जागा कुठे येते ते मोजा, मगच करवत लावा. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकू नका, धोतर, साडीचा पदर, उपरणं क्षणात ओढलं जातं.

प्रश्न : मुलगा आता ट्रॅक्टर चालवायला लागलाय, ३५ एचपीचा जुना आहे. उन्हासाठी हूड लावायचं म्हणतोय. दुकानदार म्हणाला हूड लावलं की पलटी झाली तरी डोकं वाचतं. खरं आहे का? (एक वाचक भगिनी, जि. बीड)

नाही ताई, अजिबात नाही. मडगार्डला बोल्ट मारलेलं पायपाचं हूड सावली देतं, बास. ट्रॅक्टरचं वजन आलं की ते वाकून माणसावरच बसतं. पलटीत वाचवतो तो रोल बार, मागच्या एक्सलच्या हाउसिंगला घट्ट बसवलेला आणि तुमच्या मॉडेलसाठी टेस्ट केलेला. त्याच्याबरोबर सीट बेल्ट हवाच, नाहीतर माणूस बाहेर फेकला जाऊन त्या बारखालीच सापडतो. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना हे १९५९ मध्येच सक्तीचं केलं. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेऊ नका, त्याचं काम कितीही सुबक असलं तरी. आधी डीलरकडे विचारा, आणि आंब्याच्या-लिंबाच्या बागेत जात असाल तर दुमडणारा मागा.

आणि मुलाला एक गोष्ट आज संध्याकाळीच सांगा. साखळी लावून काही ओढायचं तर ती खालच्या ड्रॉबारलाच, टॉप लिंकच्या, म्हणजे वरच्या दांडीच्या, पिनला कधीच नाही. आमच्या भावकीतल्या एका काकांनी बाभळीचा बुंधा उपटायला साखळी वर लावली. बुंधा हलला नाही, मागची चाकं जमिनीत रुतली आणि पुढची दोन्ही चाकं माणसाच्या छातीइतकी वर आली. काकांचा पाय क्लचवर गेला म्हणून ते आज आहेत. चाकं आपटली तेव्हा पुढच्या एक्सलची पिन वाकली, ती पिन त्यांनी अजून खुंटीला टांगून ठेवलीय. हे सगळं सेकंदभरात होतं, उडी मारायला वेळ मिळत नाही.

प्रश्न : नवीन कल्टिव्हेटर घेतला, त्याच्या पिना जुन्या ट्रॅक्टरच्या लिंकमध्ये जात नाहीत. लिंकची भोकं मोठी करून घेऊ का? आणि पुढे वजनं लावू की मागच्या चाकात पाणी भरू? (एक वाचक, ता. निफाड)

भोकं मोठी करू नका, लिंकचा बॉल पातळ होऊन फुटतो. लिंकेजच्या मापांना कॅटेगरी म्हणतात, तुमचा ट्रॅक्टर कॅटेगरी एकचा दिसतोय, खालच्या पिना २२ मिमी आणि वरची १९, अवजार कॅटेगरी दोनचं, २८ आणि २५ मिमी. अवजाराच्या पिना बहुतेक नट खोलून निघतात, त्या बदलून बारीक घ्या. उलटं असतं, म्हणजे पिना बारीक आणि लिंक मोठी, तर नुसते बुश टाकून भागलं असतं. पण मोठ्या पिनांचं अवजार बहुतेक मोठ्या ट्रॅक्टरसाठीच केलेलं असतं, तेव्हा फण किती आणि वजन किती तेही बघा, गरज पडली तर दोन फण काढून चालवा.

पाणी की वजन, हे त्रास कुठे होतोय त्यावर. मागची चाकं घसरत असतील तर पाणी, अवजार उचलल्यावर पुढचं तोंड हलकं होत असेल तर पुढे वजनं. पाणी भरताना चाक जॅकवर घ्या, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा आणि व्हॉल्व्हपर्यंतच भरा, तेवढं झालं की टायर साधारण पाऊण भरतं, उरलेल्यात हवा. १२.४-२८ च्या टायरात दीडशे लिटरच्या आसपास बसतं, म्हणजे दोन्ही चाकांवर मिळून तीनेकशे किलो वाढलं. पेरणीच्या वेळी मात्र पाणी काढून टाका, ओल्या रानात एवढं वजन नेलं तर जमीन दबते.