कडधान्यांतल्या लेक्टिनमुळे आतड्यातले चांगले जिवाणू मरतात का?

नीट शिजवलेल्या कडधान्यांमुळे नाही. भीती पसरली आहे ती कच्च्या दाण्यांवरच्या प्रयोगांमुळे.

लेक्टिन ही साखरेच्या रेणूंना चिकटणारी प्रथिने आहेत. आतड्याच्या आतल्या पेशींवर अशा साखरेच्या साखळ्या असतात, आणि लेक्टिन सहज पचत नसल्याने तिथपर्यंत शाबूत पोचतात. उंदरांना लाल राजम्याचे शुद्ध लेक्टिन दिल्यावर लहान आतड्यात ई. कोलाय जिवाणू बेसुमार वाढले. म्हणजे जिवाणू मरण्यापेक्षा त्यांचा तोल ढळला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की जंतुविरहित वाढवलेल्या प्राण्यांना त्याच लेक्टिनचा त्रास बराच कमी झाला.

माणसाला कच्च्या राजम्याचे चार-पाच दाणेही पुरतात. १ ते ३ तासांत उलट्या, मग जुलाब. म्हणून राजमा किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात ३० मिनिटे खळखळून उकळा. मंद आचेच्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) थेट शिजवू नका, कारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास विषारीपणा उलट वाढू शकतो.

कृपया कडधान्ये सोडू नका. त्यांतला तंतू (फायबर) मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचे अन्न आहे, आणि त्यापासून जिवाणू बनवतात ते ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल आतड्याच्या पेशींना पोसते. खूप दिवस पोट बिघडलेले असेल, तर डॉक्टरांना दाखवा.