पंपात आलेलं दूध म्हणजे तुझा पान्हा नव्हे

डिचोलीच्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणते. मुलगी साडेपाच महिन्यांची, घरात सगळे तिला बाय म्हणतात. बाळंतपणाची रजा संपून तीन आठवडे झाले, रोज बसने पणजीला ऑफिस. ब्रामध्ये बसणारा, दूध काढायचा चार्जिंगचा पंप बाय दोन महिन्यांची असल्यापासून वापरते. सुरुवातीला एका वेळी 80 मिली दूध यायचं, आता जेमतेम 30. ऑफिसात बाथरूममध्ये उभं राहून काढते, बाहेर कुणीतरी दार ठोठावत असतं. त्यातून एक दिवस सासूबाईंनी फ्रिजमधलं दूध ‘फाटलं’ म्हणून मोरीत ओतलं. ती लिहिते, ‘ताई, त्या रात्री मी खूप रडले. माझं दूध आटलं का? नोकरी सोडू का?’

अगं, रडू येणारच. माझा मुलगा लहान असताना मी ऑफिसच्या बेसिनमध्ये दूध पिळून टाकत असे. साठवता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वाहून जाणारं ते दूध अजून डोळ्यांसमोर येतं, म्हणून तुझं ओतलेलं दूध मला कळतं.

आधी आटण्याचं बोलू. तू घरी असताना बाय अंगावर पिऊन शांत होते, दिवसभरात सहा-सात वेळा लंगोट भिजवते, वजन वाढतंय, असं तूच लिहिलं आहेस. मग दूध आटलेलं नाही. बाळ ओढतं तसं यंत्र ओढू शकत नाही. बाटलीवरची रेघ पंपाने किती काढलं तेवढंच सांगते, तुझ्या अंगात किती आहे ते नाही.

आता पंप तपासायला घे. आत बदकाच्या चोचीसारखी सिलिकॉनची एक छोटी झडप असते. रोजच्या वापराने ती दोन-तीन महिन्यांत सैल पडते. मोटर तशीच घरघरत राहते, पण ओढ कमी होते. तुझ्या पंपाला साडेतीन महिने झालेत, तेव्हा माझा पहिला संशय त्या झडपेवर आहे. ती बदल, सोबतचा पातळ पडदाही बदल. दुसरं, कपाचं माप, म्हणजे स्तनाग्र जिथं शिरतं त्या नळीची रुंदी. पुष्कळ पंपांबरोबर 24 मिलिमीटरचा कप येतो आणि सगळ्या बायका तोच लावतात. स्तनाग्राची रुंदी पट्टीने मोज, कप त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठा असला की पुरे. फार मोठा झाला तर भोवतीची कातडी आत ओढली जाते, दुखतं आणि दूधही कमी येतं. जोर वाढवून दूध वाढत नाही. दुखलं की पान्हा अडतो. आधी हलकी, भरभर ओढ ठेव, दूध उतरू लागलं की संथ. शेवटी दोन मिनिटं हाताने पिळ, यंत्राने मागे ठेवलेलं बरंच निघतं.

पण नवी झडपसुद्धा त्या बाथरूममध्ये हरेल. दारावर थाप पडत असताना पान्हा फुटतो का कधी? तो मनाच्या निवांतपणावर फुटतो, बायचा फोटो बघून फुटतो, तिच्या झबल्याच्या वासाने फुटतो. शिवाय तिथं बाळाचं अन्न का काढायचं? आपण तिथं बसून डबा खाऊ का? आधी 1961 चा मातृत्व लाभ कायदा होता, नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी द्यावी, असं त्यात लिहिलंय. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोयही 2017 पासून सक्तीची आहे. साहेबांना लेखी अर्ज दे: 11 वाजता आणि अडीच वाजता वीस-वीस मिनिटं, कडी लागणारी एक खोली, एक खुर्ची. लाजू नकोस. हे उपकार म्हणून मागायचं नाही.

आपल्याकडच्या उकाड्यात दूध टेबलावर ठेवू नकोस. 25 अंशांपर्यंत ते चार तास टिकतं, पण मे महिन्यात पणजीत 25 अंश कुठून आणायचे? काढल्याबरोबर बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत ठेव, तिथं 24 तास निभावतं. बस वाटेत अडकली तरी घोर नको. घरी फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेव, चार दिवसांच्या आत संपव. दारात ठेवू नकोस.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नकोस ग. अंगावरचं दूध फ्रिजमध्ये ठेवलं की साय वर येते, खाली निळसर पाणी दिसतं. गवळ्याच्या दुधात आयुष्य काढलेल्या बाईला ते फाटलेलंच वाटणार. रविवारी त्यांना शेजारी बसव. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धर, हलकेच गोल फिरव. साय मिसळताना त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. दूध गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, आणि बायने उष्टं ठेवलेलं दोन तासांनंतर वापरायचं नाही, एवढं त्यांना सांग. वाटी-चमच्याने पाजायला त्यांच्याच हाती दे. बाटलीपेक्षा ते बरं, आणि बोंडल्याने पाजायची त्यांना सवय असेलच.

नोकरीचं विचारतेस. तुला ती आवडते, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. म्हणून दुधापायी सोडू नकोस. पंधरा दिवसांत बायचं उष्टावण होईल, मग पेज आणि नाचणीचं तिजान सुरू होईल, दुपारचा भार थोडा हलका होईल. तोवर एखाद्या दिवशी कमी पडलं, तर वरचं काय द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांना विचार. त्याने तुझ्या आईपणाला उणं येत नाही.

एक मात्र लक्षात ठेव. छातीत गाठ आली तर जोराने चोळू नकोस, थंड शेक घे आणि बायला नेहमीसारखं पाजत राहा. ताप आला किंवा लाली पसरली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि सुट्टीच्या दिवशी पंप कपाटात राहू दे. बायला मागेल तेव्हा अंगावर घे.