बालगृहाला नवा मजला बांधून द्यावा का? एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. ताई ४६ वर्षांच्या आहेत, नोकरी करतात. मावशी गेल्या आणि त्यांच्याकडून ताईंना साधारण दोन वर्षांच्या पगाराएवढी रक्कम आली. त्यातली अर्धी त्यांना एका बालगृहाला द्यायची आहे, तिथे नवा मजला झाला की अजून ४० मुलांची सोय होईल. घरकर्ज अजून ७ वर्षं आहे, मुलगा कॉलेजला आहे. आणि हा मुलगा म्हणतो की दान वगैरे सगळं फुकट आहे, लोक आळशी होतात, फायद्यापेक्षा नुकसानच जास्त. ताईंचा प्रश्न असा की त्याचं खरं असेल तर मी पैसे स्वतःकडेच ठेवू का.

माझं उत्तर आधीच देतो: द्या. पण मजल्यासाठी देऊ नका आणि अर्धी रक्कम एका चेकने तर अजिबात नको.

मुलाच्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण तो खूप लोक बोलतात आणि नेमकं तिथेच ते चुकतात. गरिबाला पैसे दिले की तो काम सोडतो, दारूत उडवतो, ही समजूत बऱ्यापैकी तपासून झालीय. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ विकसनशील देशांतल्या ७ सरकारी रोख मदत योजनांचे आकडे एकत्र करून बघितले, लोकांनी काम कमी केलं असं कुठेच ठामपणे दिसलं नाही. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का हे वर्ल्ड बँकेच्या अभ्यासकांनी १९ अभ्यास घेऊन तपासलं, तोही वाढलेला दिसला नाही. अजून एक म्हणतात ना की फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही, त्यावर केनियात पास्कालीन ड्यूपा आणि जेसिका कोहेन या अर्थशास्त्रज्ञांनी मलेरियाच्या मच्छरदाण्यांवर प्रयोग केला. गरोदर बायकांना दवाखान्यात काहींना फुकट आणि काहींना थोडी किंमत लावून मच्छरदाण्या दिल्या, तर किंमत लावल्याबरोबर घेणाऱ्या बायका एकदम कमी झाल्या, आणि ज्यांनी फुकट घेतल्या त्यासुद्धा पैसे देणाऱ्यांइतक्याच वापरत होत्या. तेव्हा मुलाला एवढं नक्की सांगा की घेणाऱ्यावर संशय घेऊन हात आखडता घ्यायला काही आधार नाही.

पण दानाने नुकसान होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही, कारण होतं, आणि बरंच होतं. फक्त ते घेणाऱ्याच्या स्वभावामुळे होत नाही. देणारा काय देतो, कशासाठी देतो आणि नंतर काय होतं, यामुळे होतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली एक मोठा उपक्रम सुरू झाला. ५०६ मुलगे निवडले, त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला सरासरी ५ वर्षं मदत दिली. घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं, म्हणजे आपण चांगल्या संस्थेकडून जे जे मागू ते सगळं त्यात होतं. तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्या मुलांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेक जण म्हणत होते की आम्हाला फार उपयोग झाला. आणि आकडे सांगत होते की दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, पुन्हा पुन्हा गुन्हे, लवकर मृत्यू, या सगळ्यात मदत मिळालेले मुलगे न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाले. मला हे उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण यात कोणी लबाड नव्हतं, पैसे खाल्ले नव्हते, कोणी आळशीही झालं नव्हतं. हेतू चांगला होता आणि घेणारेही खूश होते, तरीही. म्हणजे संस्थेतल्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून आपली रक्कम सत्कारणी लागली असं ठरवता येत नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय की तिथे गेलं की मुलं धावत येऊन बिलगतात आणि तेव्हाच तुम्ही ठरवलंत. अनोळखी पाहुण्याला लगेच बिलगणं हे संस्थेत वाढणाऱ्या लहान मुलांमध्ये वारंवार दिसतं आणि बालविकासाचे अभ्यासक ते काळजीचं लक्षण मानतात. हे वाचून वाईट वाटेल याची मला कल्पना आहे पण एवढ्या मोठ्या निर्णयाआधी तुम्हाला ते माहीत असायला हवं.

आता बालगृहाकडे वळतो, इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आपल्याला वाटतं की बालगृहातली मुलं म्हणजे कोणीच नसलेली मुलं. जगभर हे चित्र वेगळं आहे. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अशा संस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली आणि तिथल्या जवळपास चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते. मग मुलं तिथे का होती? गरिबी. आईवडिलांना सांगितलं गेलं की इथे शाळा मिळेल, जेवण मिळेल, आणि परदेशी देणगीदार आणि पर्यटक यांचा पैसा त्या इमारतींकडे येत होता, त्या मुलांच्या घरांकडे येत नव्हता. पैसा खाटांना मिळत असेल तर खाटा भरतात, त्यासाठी कोणी दुष्ट असावं लागत नाही. संस्थेला माणशी अनुदान किंवा देणगी मिळते, खाट रिकामी राहिली तर पगार निघत नाहीत, मग एखादी आई अडचणीत आहे, मुलाला सहा महिने ठेवून घ्या म्हणते, तर तिला घरीच मदत देण्याऐवजी मुलाला ठेवून घेतलं जातं आणि सहा महिन्यांची सहा वर्षं होतात. तुमच्या ४० खाटा नेमक्या याच ठिकाणी बसतात.

आणि संस्था कितीही स्वच्छ, प्रेमळ असली तरी लहान मुलाला पाळीपाळीने बदलणाऱ्या माणसांकडून जे मिळतं ते एका घरात मिळतं त्याच्याएवढं नसतं. रोमानियात बुखारेस्टला २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधली १३६ लहान मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांकडे दिली. घरात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, जवळीक जोडण्याची ताकद, सगळं सुधारलं आणि जितकी लवकर गेली, विशेषतः दोन वर्षांच्या आत, तितकं जास्त. २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरावातच म्हटलं की मुलांना संस्थेत ठेवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करत न्यावी आणि गरिबी हे मुलाला घरापासून तोडण्याचं एकमेव कारण कधीच असू नये.

याचा अर्थ तुमच्या ओळखीचं बालगृह वाईट आहे असा नाही. काही मुलांना खरंच तात्पुरता आसरा लागतो, घरात मारहाण असते, कोणीच नसतं, आणि आज जी मुलं तिथे राहतायत त्यांचा पैसा अचानक बंद झाला तर तेही मोठं नुकसान आहे. म्हणून मी "देऊ नका" म्हणत नाही, "मजला नको" म्हणतोय.

मजला नको याचं दुसरं कारण शुद्ध हिशोबाचं आहे. बांधकाम हा एकदाचा खर्च, पण बांधल्यानंतरचा खर्च कायमचा. ४० मुलं म्हणजे जास्तीची माणसं, पगार, वीज, पाणी, औषधं, डागडुजी, दर वर्षी, आणि तो कोण देणार याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळसुद्धा नाही. म्हणजे त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही किंवा त्यांनीच अजून विचार केलेला नाही. देणगीदारांना इमारत आवडते, पाटी लागते, फोटो येतो, पण पुढच्या पगारासाठी पैसे मागायला गेलं की तेच लोक मागे सरतात. दक्षिण आफ्रिकेत एक चक्री-पंप निघाला होता, मुलं गोल फिरत खेळतील आणि पाणी वर टाकीत चढेल. २००६ मध्ये अमेरिकेतून त्याला मोठा पैसा जाहीर झाला, हजारो पंप बसवायचे ठरले. प्रत्यक्षात मुलं खेळून दमायची आणि बायकांना ते अवजड चक्र हाताने फिरवावं लागायचं, बिघडलं की दुरुस्तीला माणूस मिळायचा नाही, आणि काही गावांत तर आधीचा चालू हातपंप काढून हा बसवला होता. पैसा देणाऱ्या फाउंडेशनने नंतर उघडपणे मान्य केलं की ठरवलं तसं झालं नाही, ही मात्र चांगली गोष्ट. बसवायला पैसा होता, चालवायला नव्हता, आणि पाणी भरणाऱ्या बायकांना आधी कोणी विचारलं नव्हतं.

वस्तू देणार असाल तरी हेच. १९८८ च्या आर्मेनियाच्या भूकंपानंतर जगभरातून किमान ५ हजार टन औषधं आणि वैद्यकीय सामान आलं, त्यातलं काय कामाचं आहे हे समजायला ५० माणसांना ६ महिने लागले. भूकंपग्रस्त देशात ५० जाणकार माणसं खोकी उघडत बसली होती.

तर आता काय करायचं. बालगृहाच्या संचालकांना भेटा आणि सरळ विचारा की किती मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, गेल्या वर्षी किती मुलं घरी किंवा नातेवाइकांकडे परत गेली, ती गेल्यावर त्यांच्याकडे कोणी जाऊन बघतं का, आणि मूल कमी झालं की तुमचं उत्पन्न कमी होतं का. शेवटचा प्रश्न जरा टोचेल पण तो विचाराच. जे लोक मनापासून काम करतात ते या प्रश्नांवर चिडत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं की कोणीतरी विचारलं. मग त्यांना सांगा की माझा पैसा मुलांना घरी परत पाठवण्याच्या कामासाठी घ्या: एक समाजसेविका ठेवा, आईला दोन-तीन वर्षं रोख मदत द्या, मुलाच्या शाळेचा खर्च घरी राहूनच करा. एका मुलाला संस्थेत ठेवायला जेवढं लागतं त्यापेक्षा हे सहसा बरंच स्वस्त पडतं, म्हणजे तेवढ्याच पैशात जास्त मुलांचं काम होऊ शकतं. ते नाहीच म्हणाले, मजलाच हवा म्हणाले, तर हेच काम करणारी दुसरी संस्था शोधा.

एक गोष्ट मात्र विचारू नका, ऑफिस खर्च किती टक्के. सगळे पहिल्यांदा तेच विचारतात आणि त्या भीतीने संस्था हिशोबनीस ठेवत नाहीत, चांगल्या माणसाला चांगला पगार देत नाहीत, मुलं घरी गेल्यावर काय झालं याची नोंद ठेवत नाहीत. समाजसेविकेचा पगार हा कागदावर बऱ्याचदा ऑफिस खर्चच दिसतो आणि इथे सगळं काम तीच करणार आहे.

आता तुमचा हिशोब. तुमच्याकडे किमान ६ महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही, नसेल तर आलेल्या रकमेतून आधी तो काढा. मुलाच्या शिक्षणाचे उरलेले पैसे दुसरे. घरकर्ज पूर्ण फेडायची घाई नको, पण त्याचा व्याजदर तुमच्या सुरक्षित ठेवीच्या व्याजापेक्षा जास्त असेल तर थोडी रक्कम तिकडे टाका, दर महिन्याचा ताण कमी होईल आणि मग देणगी चालू ठेवणं सोपं जाईल. निवृत्तीसाठी तुमची बचत तुमच्या वयाला कमी आहे, हे स्पष्ट सांगतो, हातात साधारण १४ वर्षं आहेत आणि उद्या तुम्हीच मुलावर अवलंबून राहिलात तर त्या देण्याची किंमत तो भरेल. हे सगळं काढून माझ्या अंदाजाने एकूण रकमेचा पाचवा भाग तुम्ही निर्धास्त देऊ शकता. अर्धी नाही.

हा पाचवा भाग वेगळ्या खात्यात टाका म्हणजे घरच्या पैशात मिसळणार नाही, आणि ५ वर्षांत द्या. पहिल्या वर्षी थोडा कमी, काम दिसलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जास्त, आणि शेवटच्या दोन वर्षांत उतरता, तेही पहिल्या दिवशीच लेखी सांगून. संस्थेचं नुकसान कमी रकमेने तेवढं होत नाही जेवढं मोठी रक्कम अचानक थांबल्याने होतं, त्यांना दोन वर्षं आधी कळलं तर त्या दुसरा देणगीदार शोधतात. आणि त्यांचं वर्षाचं बजेट मागून घ्या. तुमची एका वर्षाची देणगी त्याच्या चौथ्या भागापेक्षा जास्त होत असेल तर रक्कम कमी करा किंवा दोन संस्थांत वाटा, एका माणसाच्या पैशावर संस्था उभी राहणं तिच्यासाठी धोक्याचं आहे, तो माणूस कितीही चांगला असला तरी. अट एकच घाला, वर्षातून एकदा किती मुलं घरी गेली आणि त्यातली किती अजून घरीच आहेत एवढं कळवा. बाकी पैसा कशावर कसा खर्चायचा ते त्यांना ठरवू द्या.

कर सवलत मिळत असेल तर घ्या, पण तिच्यासाठी वर्षाअखेरीस घाईघाईने संस्था निवडू नका. आणि मुलाला भेटीला बरोबर न्या, प्रश्न त्यालाच विचारू द्या, त्याला नुकसानाची एवढी काळजी आहे तर ते कुठून येतं हे तो नीट बघेल.

संचालकांची उत्तरं, त्यांचं बजेट आणि तुमच्या कर्जाचा व्याजदर एवढं पाठवा, मग वर्षावार हप्ते मी मांडून देतो. तोपर्यंत मजल्यासाठी कुठल्याही कागदावर सही करू नका.