काशीबाई कानिटकर कोण होत्या आणि त्यांचे कोणते पुस्तक आधी वाचावे?

काशीबाई या मराठीतील आरंभीच्या लेखिकांपैकी एक, चरित्रकार आणि कादंबरीकार. त्यांचे आधी ‘डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र’ वाचावे, ‘रंगराव’ ही कादंबरी नव्हे. हे इतक्या ठामपणे सांगण्यामागे माझे एक जुने दुखणे आहे.

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी ‘चरित्रकार काशीबाई’ हा विषय नेला होता. मार्गदर्शकांनी तांबड्या पेन्सिलीने ‘चरित्रकार’ या शब्दावर आडवी रेघ मारून वर ‘कादंबरीकार’ असे लिहिले आणि चरित्र म्हणजे दुसऱ्याची पत्रे उतरवून काढण्याची कारकुनी, त्यात वाङ्मय कुठले, असे सुनावले. त्यापेक्षा कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांवरच लिहा, अशी पुस्तीही जोडली. ज्या हरिभाऊंनी काशीबाईंच्या लेखनाला आपुलकीने उत्तेजन दिले, त्यांचेच नाव काशीबाईंना बाजूला सारण्यासाठी पुढे केले जावे, याचे मला तेव्हाही हसू आले होते. समोर हसण्याची हिंमत मात्र नव्हती. मी मुकाट्याने ‘रंगराव’वर ऐंशी पाने लिहिली. गुण चांगले मिळाले, पण तांबड्या रेघेचा तो कागद मी अजून टाकलेला नाही.

आता त्या ‘कारकुनी’विषयी. १८६१ साली जन्मलेल्या, नवव्या वर्षी लग्न झालेल्या आणि त्यानंतर अक्षरे गिरवू लागलेल्या या बाईंनी १८८७ मध्ये वारलेल्या आनंदीबाईंचे चरित्र पुढच्या काही वर्षांतच सिद्ध केले. आणि आनंदीबाईंचे पती गोपाळराव हयात असतानाही, गोपाळरावांनी कोवळ्या बायकोला शिक्षणापायी केलेली मारझोड त्यात झाकून ठेवली नाही. कोणते पत्र समोर ठेवायचे आणि कुठे आपण बोलायचे, हे कारकुनाला ठरवावे लागत नाही.

कादंबऱ्यांपैकी ‘रंगराव’ १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आली. १९२८ ची ‘पालखीचा गोंडा’ मला अधिक धीट वाटते, कारण तीत संस्थानाचा कारभारच स्त्रियांच्या हाती आहे. काशीबाईंना सरसकट ‘मराठीतील पहिल्या स्त्री कादंबरीकार’ म्हणतात, ते मात्र जपून घ्यावे. साळूबाई तांबवेकरांचे ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ १८७३ चे आहे.

एवढे मान्य करते, की चरित्राची भाषा आजच्या वाचकाला जड जाईल आणि पत्रे काही ठिकाणी लांबतात. तरी पत्रे गाळून पुढे जाऊ नका. माझ्या मार्गदर्शकांनी बहुधा तेच केले होते.