‘आम्ही आहोत ना’ म्हणजे किती तास?

मी करिअर समुपदेशक. मागच्या पावसाळ्यात चिंचवडहून एक बाई सल्ल्याला आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय 36, बीसीएस (कम्प्युटर सायन्सची पदवी) झालेल्या, हिंजवडीत टेस्ट लीड, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमच्या प्रमुख, मुलगा तिसरीत. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, नोकरी सांभाळून ऑनलाइन मास्टर्स जमतं का हो? आणि जमलं तरी त्या डिग्रीला कुणी विचारतं का?" अगदी याच शब्दांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता येणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखू येतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर आहे, म्हणून ते आधी उरकलं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2020 च्या नियमांनुसार मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. फक्त त्या विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः उघडून बघायचं. कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबायचं नाही. तेवढ्यात बाईंनी पर्समधून एक चकचकीत माहितीपत्रक काढलं, ‘ऑनलाइन एम.टेक. सॉफ्टवेअर’. एजंट म्हणाला होता, शुक्रवारपर्यंत 25 हजार भरा, नाहीतर सीट जाईल. या नियमांखाली अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन देताच येत नाही. एमसीए (कम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्समधली मास्टर्स) देता येते, एमएस्सी आयटी देता येते. शिवाय विद्यापीठांना अशी पदवी फ्रँचायझीमार्फत चालवायला मनाई आहे. माहितीपत्रक मी ठेवून घेतलं. माझ्याकडे अशांची एक फाइलच आहे.

कंपनी त्या पदवीला किती मानेल हे मात्र यूजीसी सांगत नाही. ते एचआरला विचारून या, म्हटलं. पुढच्या खेपेला आल्या त्या जरा उतरलेल्या चेहऱ्याने. त्यांच्या कंपनीत बढतीला मास्टर्सची अटच नव्हती.

"मग करायचंय कशाला?"

बराच वेळ गप्प बसल्या. मग सांगितलं. तीन वर्षांपूर्वी क्लायंटसमोर त्यांची ओळख करून देताना साहेब म्हणाले होते, "नॉन-इंजिनियर आहेत, बट व्हेरी गुड." तो ‘बट’ त्यांच्या अजून घशात अडकलेला. हे कारण मला हलकं वाटत नाही. पण अपमानाच्या जोरावर माणूस दोन महिने अभ्यास करतो. तिसऱ्या महिन्यात रात्री साडेदहाला अल्गोरिदमचं पुस्तक उघडायला दुसरं काहीतरी लागतं. ते त्यांच्याकडे होतं, फक्त विचारावं लागलं. डिझाइनच्या चर्चेत आपण नुसत्या मान डोलावतो, हे त्यांना सलत होतं. आणि पुढे टेस्टिंगमधून बाहेर पडून अख्खा प्रॉडक्ट सांभाळायचा होता.

आता पहिला प्रश्न. जमेल का?

मी विचारलं, "ऑफिसात टीमच्या कामाचा अंदाज कोण देतं?" "मीच." "अडचणींसाठी जादा वेळ, बफर, किती धरता?" "वीस-पंचवीस टक्के." "आणि स्वतःच्या अभ्यासाचा अंदाज?" बाई हसल्या. दुसऱ्यांचे तास मोजण्याचा पगार घेणाऱ्या बाईने स्वतःचे तास मोजलेच नव्हते.

मग मोजले. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. सत्राला 20 क्रेडिट धरले तर 600 तास. सहा महिन्यांचे 26 आठवडे, म्हणजे आठवड्याला साधारण 23 तास. मी त्यांना एक आठवडा खरी नोंद ठेवायला लावली, वाकडचा ट्रॅफिक आणि शाळेच्या ग्रुपवरची बडबड धरून. मोकळे निघाले सात तास. त्यातले दोन रविवारी दुपारचे, जेव्हा डोळे मिटत असतात.

तिसऱ्या भेटीला नवरा आणि सासूबाई सोबत आल्या. नवरा भला माणूस. "कर ना तू, आम्ही आहोत ना." हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर त्याची मला धास्ती वाटते. म्हटलं, "आम्ही म्हणजे कोण? आणि किती वाजता?" शांतता. सकाळी साडेसहाचा डबा कोण करणार? गणिताचा गृहपाठ? ऑक्टोबरात दिवाळीचा फराळ?

नवऱ्याने गृहपाठ आणि शनिवारची सकाळ घेतली. पोळ्यांपाशी गाडी अडली. पोळ्यांना कामवाली बाई लावायची तर तिच्या हातच्या पोळ्या घरात चालत नव्हत्या, आणि ते न चालणं सासूबाईंचंच होतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "माझं मॅट्रिक राहिलं ते पोळ्यांपायीच. लाव बाई." मी काहीच बोलले नाही.

नवा आकडा आला बारा तास. म्हणजे साधारण निम्मं ओझं. दोन वर्षांचा एमसीए चार वर्षांत पुरा करायचा ठरला, दर परीक्षेला निम्मेच विषय. बाईंना ते कमीपणाचं वाटलं. "चाळीशी येईल की हो!" "ती तशीही येणारच आहे," मी म्हटलं. माझ्या या वाक्यावर त्या चिडल्या, आणि बरोबर चिडल्या. समुपदेशकाने इतकं चटकन बोलू नये.

डिसेंबरात दोन विषयांची परीक्षा द्यायची होती. ऐन वेळी ऑफिसात रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती द्यायची घाई, आली, एकच देता आली. पास झाल्या. फोन केला तो मात्र निकाल सांगायला नव्हता. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या अभ्यासात ब्रुक्सचा नियम भेटला होता: उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली की ते आणखी लांबतं. "मॅडम, परीक्षेच्या आठवड्यात माझी नणंद, जाऊ, आई, सगळ्या मदतीला आल्या होत्या. चहाच सत्तर वेळा केला मी!"

जूनच्या परीक्षेला त्यांनी पाहुण्यांना कळवलंच नाही. पोळ्यांच्या बाई मात्र त्याच आठवड्यात गावाला गेल्या. सासूबाईंनी ब्रेड आणला.